पाहुण्यांसाठी हातभर माती

ऑक्टोबरचे ऊन सरते, पहाटे चादर अंगावर ओढावीशी वाटते आणि आमच्या नागपूरच्या वस्त्यांत पाहुणे यायला सुरुवात होते. हे पाहुणे चहा मागत नाहीत की अंथरूण मागत नाहीत. ही असतात रानची पाखरे! त्यांना पाहण्यासाठी जंगलात जायला नको. मागच्या दारी एखादा मुनगा, म्हणजे शेवगा, आणि मोरीच्या पाण्यावर वाढलेली केळ असली तरी पुरे.

मुनग्याच्या फुलांवर शिंजीर येतो. उन्हाळ्यात निळा-जांभळा झळकणारा नर या दिवसांत मातकट दिसतो. गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा तेवढा उरतो. बुलबुल, शिंपी, साळुंकी हे तर बारमाही शेजारी.

लांबून येणारे पाहुणे दोन. पहिला थिरथिरा. चिमणीएवढा; नर काळसर, पोट विटकरी. कुंपणावर बसून शेपूट सारखी थरथरवतो, म्हणून हे नाव. दुसरा करडा धोबी. पाठ करडी, पोट पिवळसर, लांब शेपूट सतत वर-खाली. हिमालयातील ओढ्यांच्या काठी याची घरटी असतात. थंडीत तो खाली उतरतो आणि मोरीकाठच्या ओल्या मातीत किडे टिपतो.

विशेष असे की, हा धोबी दरवर्षी हिवाळ्यात नेमकी तीच जागा, कधी कधी शहरातली तीच लहानशी बाग गाठतो, असे आढळले आहे. एवढ्या लांबून येणाऱ्या जीवाला आपल्या परसाचा पत्ता पाठ असतो!

पण आपण काय करतो? घरात चार पैसे आले की आधी अंगणभर कोबा. चिखल नको, विंचूकाट्याची भीती नको, आयाबहिणींच्या मागचे सारवण सुटावे, हे सारे खरेच आहे. परंतु माती गेली की किडे गेले, किडे गेले की पाखरू उपाशी. पावसाचे पाणीही मुरत नाही. म्हणून आमचे सांगणे एवढेच: कोबा जरूर घाला, पण मोरीच्या बाजूची हात-दोन हात माती मोकळी ठेवा. तिथला पालापाचोळा जाळू नका. फुटक्या माठाच्या बुडात रोज ताजे पाणी ठेवा.

आणि मुलांच्या हातातली गलोल काढून वही द्या. डॉ. सालिम अली यांनी शाळकरी वयात छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोण, हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि त्या एका प्रश्नातून देशाचा थोर पक्षितज्ज्ञ घडला. १२ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस. त्या दिवशी मुलांना वहीत तारीख, पाखराचा रंग, शेपटीची चाल लिहायला बसवा. पुढच्या वर्षी तोच पाहुणा कोणत्या तारखेला आला, हे तीच मुले तुम्हाला सांगतील.