ठिबकचा आराखडा आणि संगणकाचे दोन पडदे



ऊस विकास विभागाच्या खोलीत आलेला सभासद खुर्चीत टेकण्याआधी एक प्रश्न हमखास विचारतो. आरेखकाच्या टेबलाकडे बोट दाखवून म्हणतो, "साहेब, माणूस एक अन् टीव्ही दोन! कारखान्याला पैसा जास्त झालाय का?" प्रश्न हसत विचारला जातो, पण तो रास्त आहे. कारखाना सभासदांचा, तेव्हा टेबलावरची वस्तूही सभासदांचीच. मालकाने हिशेब मागितला तर तो द्यायला हवा. म्हणून उसाची जात, लागणीचे अंतर, खतांचे हप्ते हे नेहमीचे विषय या अंकापुरते बाजूला ठेवून आम्ही या दोन पडद्यांचा हिशेब मांडत आहोत.

लोणी देवकरला पाहिलेले टेबल

एका माणसापुढे दोन पडदे आम्ही प्रथम पाहिले ते लोणी देवकरच्या एमआयडीसीत. पुणे-सोलापूर रस्त्याने जाता-येता या वसाहतीच्या शेड आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. कामानिमित्त तिथल्या एका कारखान्यात जाणे झाले. डिझाइनच्या खोलीत आपल्याच भागातील एका ऊस उत्पादकाचा मुलगा बसला होता. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेला. त्याच्या समोरच्या पडद्यावर यंत्राचा एक सुटा भाग सगळ्या बाजूंनी फिरत होता आणि बाजूच्या पडद्यावर गिऱ्हाइकाने पाठवलेले मूळ ड्रॉइंग मापांसह उघडे होते.

आम्ही त्यालाही तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "काका, एकाच पडद्यावर काम करायचं तर सारखं हे झाकायचं अन् ते उघडायचं. झाकलं की माप डोक्यात ठेवावं लागतं. डोक्यातलं माप कधी बदलतं ते आपल्यालाच कळत नाही. इथं माप चुकलं तर सगळा माल परत येतो."

आम्ही कौतुकाने मान डोलावली आणि परत आलो. त्या पोराच्या बोलण्याची किंमत आम्हाला पुढच्याच हंगामात कळली.

आमची चूक

उजनीच्या पाण्याकडच्या बाजूला एका जुन्या सभासदाचे सव्वादोन एकर रान आहे. त्यांना इथे नाना म्हणू. नानांना आडसाली उसासाठी ठिबक करायचे होते. आमच्या माणसांनी डंपी लेव्हल लावून रानाची उंच-सखल मापे घेतली, ती वहीत उतरवली आणि वहीच्या पानाचा फोटो संगणकात घेतला. आराखडा काढायला बसलो तेव्हा पडदा एकच होता. फोटो उघडायचा, आकडा वाचायचा, फोटो झाकायचा आणि आराखड्यात आकडा घालायचा, असे काम चालले होते.

रानाच्या विहिरीकडच्या कडेची पातळी ९८.२ मीटर होती. पलीकडच्या कडेची वहीत ९९.६ होती. आराखड्यात ती ९६.९ पडली. आकडे तेच, फक्त जागा बदललेली. कागदावर रान पलीकडे सव्वा मीटर उतरते झाले, प्रत्यक्षात ते जवळपास दीड मीटर चढते होते. उतार साथ देणार या हिशेबाने आम्ही सबमेन विहिरीकडच्या कडेने टाकली आणि लॅटरल चांगल्या ८५ मीटर लांब ठेवल्या.

आता यातले गणित पाहा. १६ मिलिमीटरची लॅटरल, ४० सेंटिमीटरवर ताशी २.४ लिटरचे साधे ड्रिपर. एवढ्या लांबीला नळीच्या घर्षणातच सुमारे अडीच मीटर दाब जातो. त्यात १.४ मीटरचा चढ. म्हणजे तोंडाशी १० मीटर दाब, अर्थात १ किलो, असेल तर शेवटाला जेमतेम ६ मीटर उरतो. साध्या ड्रिपरचे पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. त्यामुळे शेवटच्या ड्रिपरला तोंडापेक्षा एक पंचमांशाहून जास्त पाणी कमी मिळते. तोंड आणि शेवट यांच्यात दहा टक्क्यांहून अधिक फरक पडू नये हा ठिबकचा साधा दंडक. आम्ही तो दुपटीने मोडला होता.

पावसाळा होता तोवर काही कळले नाही. उन्हाळ्यात पलीकडच्या कडेच्या उसाने पाने गुंडाळली, कांड्या आखडल्या. नानांनी आम्हाला बांधावर नेऊन उभे केले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, या रानात माझ्या बापानं पाटानं पाणी धरलंय. पाणी हिकडनं तिकडं कधीच जात न्हाय. मला एकदा इचारलं असतं तर?"

त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. चूक वहीची नव्हती, कंपनीच्या मालाची नव्हती, नानांची तर नव्हतीच. ती आमची होती आणि आम्ही ती तिथेच कबूल केली. सबमेन काढून वरच्या कडेला घेतली. तेव्हा तोच १.४ मीटर साथीला आला आणि दाबातला फरक मीटरभरावर आला. पण चारी दुसऱ्यांदा खणावी लागली, जोड नव्याने घ्यावे लागले आणि आखडलेल्या कांड्या काही पुन्हा लांब झाल्या नाहीत. जादा पडद्याला साधारण तीन-चार टन उसाच्या बिलाइतका खर्च येतो. नानांच्या त्या कडेला बुडालेले टन याहून जास्त होते. दुसरा पडदा आमच्या टेबलावर आला तो या वजनकाट्यावर तोलून.

टेबल आखडले होते

जुने आरेखक आठवा. शंकू-साखळीच्या काळातला माणूस मोठ्या फळीवर एका बाजूला गावनकाशा पसरायचा, दुसऱ्या बाजूला मोजणीची वही उघडी ठेवायचा आणि मध्ये ट्रेसिंग कागद. मान वळवली की सगळे दिसायचे. संगणक आला, रेघा सुबक झाल्या, दुरुस्ती सोपी झाली. पण टेबल मात्र वीतभर खिडकीएवढे आखडले. दुसरा पडदा म्हणजे ते जुने ऐसपैस टेबल परत मिळणे, एवढेच.

ही अडचण काही आपल्याला एकट्यांनाच आली असे नाही. संगणकाच्या पडद्यावर रेघ ओढून आराखडा काढण्याची सुरुवात अमेरिकेत १९६३ साली आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' या कार्यक्रमाने केली. प्रकाशाची पेन्सिल पडद्याला लावून ते आकृती काढीत. १९८२ साली ऑटोकॅड आले आणि हे काम लहान संगणकावर होऊ लागले. त्या पहिल्या वर्षांतही पुष्कळ आरेखक दोन पडदे वापरीत. एकावर फक्त चित्र आणि दुसऱ्यावर हुकूम व आकडे. पुढे १९९८ च्या विंडोजमध्ये एकाहून जास्त पडदे जोडण्याची सोय आतच मिळाली. म्हणजे आम्ही काही नवलाई केलेली नाही. उलट शहाण्या लोकांच्या मागून चाळीस वर्षांनी चालत आहोत.

टेबल कसे मांडले आहे

आपली मुले-मुली आता हे काम शिकत आहेत, काही जण घरीही करतात. त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो.

एक पडदा नाकासमोर सरळ ठेवावा. त्यावर आराखडा. दुसरा त्याला चिकटून, थोडा आपल्याकडे वळवून. त्यावर गटाचा नकाशा आणि मोजणीची वही. दोन्ही सारखेच समोर ठेवून मध्ये बसले की दिवसभर मान वाकडी राहते आणि संध्याकाळी खांदे भरून येतात. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर. खिडकीचा उजेड मागून पडू नये. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट लांब पाहावे, डोळ्यांना तेवढाच विसावा.

पडदा जोडल्यावर बऱ्याच जणांना दोन्हीकडे एकच चित्र दिसते आणि पैसे फुकट गेले असे वाटते. तिथे 'डुप्लिकेट' काढून 'एक्स्टेंड' निवडावे लागते. ऑटोकॅड वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की उघडलेले ड्रॉइंग मुख्य चौकटीतून सुटे करून दुसऱ्या पडद्यावर नेण्याची सोय २०२२ च्या आवृत्तीपासून आली. त्याआधी मुख्यतः बाजूच्या याद्या व साधनांच्या चौकटीच तिकडे नेता येत. शक्यतो दोन्ही पडदे एकाच मापाचे घ्यावेत, नाहीतर तीच रेघ इकडे जाड आणि तिकडे बारीक दिसते. आणि खेड्यातली वीज पाहता यूपीएसशिवाय बसू नये, हे वेगळे सांगायला नको.

तिसरा पडदा

एवढे झाल्यावर आता चूक होणार नाही असे आम्हाला वाटू लागले होते. तो गर्वही लवकरच उतरला.

एक मावशी आराखडा पाहायला आल्या. एका पडद्यावर गटाचा नकाशा, दुसऱ्यावर आमचा आराखडा. दोन्ही रेघेला रेघ जुळत होते. मावशींनी पदर सावरून दोन्हींकडे पाहिले आणि बोट ठेवले. "हितं आमचा बांध हाय. त्याच्या पल्याडचं रान दिराच्या वाटणीला गेलं, त्याला धा वरसं झाली. तुम्ही माझी पाइप दिराच्या रानातनं नेताय."

कागदावर गट अजून एकच होता, वाटणी रानात झाली होती. दोन पडद्यांनी एकमेकांशी ताळा जुळवला, पण दोघेही जुन्याच कागदावर उभे होते. चारी खणण्याआधी मावशी आल्या म्हणून निभावले. नाहीतर भावकीतल्या भांडणाला आमच्याच आराखड्याने तोंड फोडले असते.

तेव्हापासून आमच्या विभागाने नियम केला आहे. ज्याचे रान त्याने आराखड्यापुढे बसल्याशिवाय आणि रानात एक फेरी झाल्याशिवाय आराखडा पक्का करायचा नाही. नानांना आणि मावशींना जे ठाऊक होते ते कोणत्याही मोजणीच्या वहीत नव्हते. खरा तिसरा पडदा म्हणजे रान, आणि तो वाचता येणारा माणूस म्हणजे तुम्ही.

आराखड्याला येताना

ठिबकच्या आराखड्यासाठी येताना सातबारा उतारा व गटाचा नकाशा आणावा. विहीर किंवा बोअर कुठे आहे, मोटर किती अश्वशक्तीची आहे, हे सांगावे. वाटणी झाली असेल तर आजचे बांध कुठे आहेत तेही सांगावे. पाणी पूर्वी कोणत्या अंगाने वाहायचे हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून यावे, जमल्यास त्यांनाच घेऊन यावे.

विहिरीचे पाणी मोजायला यंत्र लागत नाही. २०० लिटरचे बॅरल किती सेकंदात भरते ते उन्हाळ्यात पाहावे. २५ सेकंद लागली तर ताशी २८,८०० लिटर पाणी झाले. पाच फुटी सरीला एकरी सुमारे २,६५५ मीटर लॅटरल लागते. ४० सेंटिमीटरवर ताशी २.४ लिटरचे ड्रिपर धरले तर एका एकराला तासाला जवळपास १६,००० लिटर पाणी हवे. म्हणजे अशा विहिरीवर पावणेदोन एकरच एका वेळी भिजेल. सव्वादोन एकर असेल तर दोन भाग पाडून दोन व्हॉल्व्ह बसवावे लागतील. हा हिशेब घरूनच करून आलात तर आमचे काम निम्मे होते आणि आम्ही कुठे चुकलो तर तुम्हाला जागेवर धरता येते.

नाना आता दर हंगामाला एकदा तरी खोलीत येतात. आरेखकाच्या टेबलाजवळ आम्ही एक जादा खुर्ची ठेवली आहे, तिच्यावर बसतात. दुसऱ्या कुणाचा आराखडा चालू असला तरी डोळे बारीक करून पाहतात आणि विचारतात, "पोरा, ह्यात चढ कुठला अन् उतार कुठला, ते आधी दाव." आरेखक वहीचे पान दुसऱ्या पडद्यावर घेतो आणि दाखवतो.

ती खुर्ची सर्व सभासदांसाठी आहे. जरूर यावे.