अंकी चार पस्तीस, अक्षरी चार चौतीस

आमच्या मोहल्ल्यात बांगड्या विकणाऱ्या एक खाला आहेत. त्यांची एका पतसंस्थेत छोटीशी ठेव आहे. एके दिवशी त्या व्याज जमा झाल्याची छापील पावती घेऊन माझ्याकडे आल्या. पावतीवर अंकात होते ४.३५ आणि त्याखाली अक्षरी होते ‘चार रुपये चौतीस पैसे फक्त’. खालांना वाचता येत नाही. नातीने वाचून दाखवले तेव्हा त्यांच्या लक्षात आले. संस्थेतल्या माणसाने ‘एका पैशाचं काय घेऊन बसलात’ म्हणून त्यांना परत पाठवले होते. मला त्यांनी विचारले, “बेटा, आज एक पैसा गेला. उद्या किती जाईल?”

पतसंस्था बुडाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत, काहींनी ते भोगलेही आहे. त्यामुळे हा प्रश्न मला हसण्यावारी नेता येईना. त्यात आणखी एक गोष्ट होती. त्या पावत्या छापणारा प्रोग्रॅम माझ्या भाच्याने लिहिलेला होता आणि त्यातल्या मराठी संख्यानामांची यादी मी करून दिली होती. पस्तीसच्या जागी चौतीस माझ्याच हातून पडले असणार, असे वाटून माझा जीव खाली-वर झाला. कवितेत एखादा शब्द चुकला तर फार तर वाचक नाक मुरडेल. इथे कुणाचा तरी पैसा चुकला होता.

अक्षरी रकमेला किती वजन असते हे बहुतेकांना ठाऊक नसते. आपल्याकडचा परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ चा आहे. त्याचे अठरावे कलम सांगते की धनादेशावर अंकातली आणि अक्षरातली रक्कम वेगळी असेल तर अक्षरातली खरी धरावी. प्रत्यक्षात बँका असा धनादेश बहुधा न वटवता परत पाठवतात, ते सोडा. पण कायदा अंकापेक्षा शब्दावर जास्त विश्वास ठेवतो, हे वाचून मला मनापासून बरे वाटले होते. अंकात एक शून्य वाढवायला वेळ लागत नाही, ‘चारशे’चे ‘चार हजार’ करायला मात्र खाडाखोड करावी लागते. अक्षरी रकमेच्या शेवटी ‘फक्त’ किंवा ‘मात्र’ लिहितात तेही पुढे कुणी काही जोडू नये म्हणूनच. खालांच्या पावतीवर नेमका हा वजनदार भागच चुकला होता.

भाच्याने आधी माझी यादी तपासली. “मामू, यादी बरोबर आहे. पस्तीस पस्तीसच आहे. मशीनने पस्तीस मागितलंच नाही, चौतीस मागितलं.” का मागितले, हे त्याने मला वहीवर मांडून दाखवले. ते माझ्यासारख्या बी. ए. झालेल्या माणसाला समजले, तर कुणालाही समजेल.

संगणकाजवळ शून्य आणि एक हे दोनच अंक. पूर्ण संख्या त्यात व्यवस्थित बसतात. अडचण अपूर्णांकांची आहे. आपण दशांश चिन्हानंतर दशांश, शतांश, सहस्रांश अशी घरे मांडतो. संगणकाची घरे अर्धा, पाव, अष्टमांश, षोडशांश अशी निम्म्या-निम्म्याने उतरत जातात. आता पस्तीस पैसे, म्हणजे ०.३५ रुपया, या घरांत बसवून पाहा. पाव रुपया घ्या, त्यात सोळावा भाग मिळवा, मग बत्तिसावा मिळवा. बेरीज झाली ०.३४३७५. अजून थोडे उरले. पुढची घरे भरत गेलात तरी थोडे उरतेच, कितीही पुढे जा. आपल्या पद्धतीत एक तृतीयांश लिहायला गेले की ०.३३३ची शेपटी संपत नाही, तसेच हे. जागा मात्र ठरलेल्या आहेत. १९८५ साली ठरलेल्या मानकानुसार नेहमीच्या वापरातल्या संख्येला अशी त्रेपन्न घरे मिळतात. तेवढ्यात मावेल ते ठेवायचे. म्हणून ४.३५ लिहिले की आत जे साठते ते असते ४.३४९९९९९९९९९९९९९६ आणि पुढे आणखी काही. पस्तीसला केसभर कमी.

हे ऐकताना मला आमच्या दादांची आठवण झाली. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी त्यांना तोंडपाठ होत्या. त्यांच्या तरुणपणी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे होते. सोळा आणि चौसष्ट, दोन्ही दोनाच्या पटीतून येणाऱ्या संख्या! तो आणा, तो पैसा संगणकाच्या घरांत तंतोतंत बसला असता. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. माणसांचा हिशेब त्यामुळे सोपा झाला, यंत्राचा मात्र अवघड होऊन बसला. (आण्याच्या बारा पै मात्र तेव्हाही यंत्राला जड गेल्या असत्या, कारण बारात तीन दडलेला आहे.)

मग अंकात ४.३५ बरोबर कसे छापले गेले? तिथे प्रोग्रॅमने ‘दोनच स्थळांपर्यंत दाखव’ असे सांगितले होते. ४.३४९९९… दोन स्थळांपर्यंत जवळच्या आकड्याला नेले की ४.३५ होते. आतली खोट झाकली गेली. साठवलेली संख्या कागदावर कशी उतरवावी हाही मोठा अभ्यासाचा विषय आहे. गाय स्टील आणि जॉन व्हाइट यांचा त्यावरचा प्रसिद्ध निबंध १९९० चा. जो आकडा परत वाचला असता तीच साठवलेली संख्या मिळेल, असा सर्वांत आखूड आकडा लिहावा, हे त्याचे सूत्र. पायथन नावाची संगणकभाषा पूर्वी ०.१ विचारले तर ०.१०००००००००००००००१ असे उत्तर देई. २००९ मध्ये आलेल्या ३.१ आवृत्तीपासून ती सरळ ०.१ म्हणू लागली. आत काही बदलले नव्हते, बोलण्याची रीत सुधारली होती.

अक्षरी रकमेसाठी भाच्याने वेगळी वाट धरली होती. रुपयांना शंभराने गुणून पैसे करायचे आणि दशांश चिन्हापुढचे टाकून द्यायचे. ४.३५ गुणिले शंभर म्हणजे यंत्राच्या हिशेबाने ४३४.९९९९९९९९९९९९९४. त्यातले चिन्हापुढचे टाकले की उरले ४३४. चार रुपये चौतीस पैसे. खालांचा पैसा या टाकून देण्यात गेला होता. अंक लिहिताना जवळच्या आकड्याकडे नेले आणि अक्षर लिहिताना छाटले. एकाच कागदावर दोन न्याय.

छाटण्याने काय होते त्याचे मोठे उदाहरण कॅनडातले आहे. व्हँकुव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १००० पासून सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने काढला जाई आणि तीन दशांश स्थळांनंतरचे आकडे छाटले जात. नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो सव्वापाचशेच्या आसपास घसरला. बाजार तर पडलेला नव्हता. चूक सापडून हिशेब पुन्हा केला, तेव्हा तो सुमारे १०९८ निघाला. उद्या किती जाईल, हा खालांचा प्रश्न अडाण्याचा नव्हता.

उपाय फार कठीण नाही. पैशांचा हिशेब पूर्ण पैशांतच ठेवायचा : ४.३५ रुपये न साठवता ४३५ पैसे साठवायचे. किंवा दशमान अंक जसेच्या तसे ठेवणारी सोय वापरायची. ती आजच्या बहुतेक भाषांत आहे आणि जुन्या कोबॉलमध्येही होती. भाच्याने मग आणखी एक आडवाट करून पाहिली. आकडा आधी मजकूर म्हणून घ्यायचा आणि टिंबाशी तोडायचा. ती वाट दुसऱ्याच दिवशी फसली. साडेचार रुपये यंत्राने ‘४.५’ असे लिहिले आणि तोडल्यावर अक्षरी आले ‘चार रुपये पाच पैसे’. पंचेचाळीस पैशांचा खड्डा! रेडिओवर तापमान सांगताना ‘अठ्ठावीस पूर्णांक पाच दशांश’ म्हणतात, त्यातला ‘दशांश’ हा शब्द किती कामाचा आहे ते मला त्या दिवशी कळले. शिवाय युरोपातल्या अनेक देशांत टिंबाच्या जागी स्वल्पविराम असतो. संगणकाची मांडणी तशी असेल तर तोडायला टिंबच सापडत नाही.

आता माझ्या यादीविषयी. इंग्रजीत शून्यापासून नव्याण्णवपर्यंत बोलायला अठ्ठावीस शब्द पुरतात. बाकीचे जोडून होतात. मराठीत तसे चालत नाही. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. या सगळ्यांत ‘दोन’ आहे, पण दर ठिकाणी वेगळा पोशाख घालून. यंत्राला नियम सांगता येत नाही. एक ते नव्याण्णव सगळी नावे त्याला, आपण पहिली-दुसरीत केली तशी, पाठच करावी लागतात. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा, हे एकोणनव्वदपर्यंत चालते आणि नव्याण्णवला येऊन मोडते. आमच्या घरात दखनी बोलतात. तिथे उनतीस, उनचालीस ठीक आहे, पण नवासीलाच घडी विस्कटते. त्यामुळे लहानपणी एकोणनव्वद म्हणताना मी हमखास अडखळत असे आणि यादी करताना, खोटे कशाला सांगू, पुन्हा अडखळलो.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसबरोबर ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मीही तावातावाने बोललो होतो. बासष्टची जागा ‘साठ दोन’ने घ्यावी असे मला आजही वाटत नाही. पण ती शंभर नावांची यादी हाताने लिहिल्यावर लेकरांवर काय बेतत असेल ते समजले आणि माझा आवाज थोडा खाली आला.

शंभराच्या पुढे यंत्राला कोटी, लाख, हजार, शे असे भाग पाडून दिले की झाले. तरी बारकावे निघतातच. १०१ म्हणजे एकशे एक, पण १०० म्हणजे शंभर. पहिल्या छपाईत ‘एकशे रुपये फक्त’ अशी पावती निघाली होती. एक असेल तर रुपया, दोन असतील तर रुपये. दीड लाखाला यंत्र ‘एक लाख पन्नास हजार’ म्हणते. सवा, दीड, अडीच त्याला शिकवायचे नाही असे आम्ही ठरवले. पावतीवर ते शोभतही नाही.

शेवटी भाच्याने तपासणीसाठी माझ्याकडून मुद्दाम अडचणीच्या रकमा मागून घेतल्या. ४.३५, ४.५०, ४.०५, ०.२९, ९९, १००, १०१, एक लाख एक. ०.२९ सुद्धा शंभराने गुणून छाटले की अठ्ठावीसच राहते, हे तोवर मला माहीत झाले होते. सगळ्या बरोबर उतरल्या. खालांना नवी पावती मिळाली; नातीकडून त्यांनी ती दोनदा वाचून घेतली.

एक रकम मात्र राहिली होती, शून्य. कोटी नाही, लाख नाही, हजार नाही, शे नाही म्हणत यंत्र सगळी घरे ओलांडून गेले आणि छापून आले, ‘रुपये फक्त’. मी म्हटले, तिथे ‘निरंक’ लिही. भाचा म्हणाला, “मामू, हा शब्द खालांच्या नातीला कळणार आहे का?” आम्ही ‘शून्य’ लिहिले.