पीक राखणीची साधने : किंमत किती, भरवसा किती?

जऊळका (जि. वाशीम) : पेरणी साधली, पाऊस वेळेवर आला, बियाणे उगवले, तरी शेतकऱ्याची चिंता संपत नाही. उगवलेल्या सोयाबीनचे कोवळे शेंडे रोही खुडून नेतात, भरलेल्या शेंगांत रानडुकरांचे कळप लोळतात आणि रब्बीत हरभऱ्याला घाटे धरले की हरणे शेतात उतरतात. मालेगाव तालुक्यातील जऊळका आणि परिसरातील गावांत ही कथा दरवर्षीची आहे. अकोला-पूर्णा लोहमार्गावरील या भागात शेती मुख्यतः पावसाच्या भरवशावर होते. सोयाबीन, तूर आणि हरभरा या पिकांवर घराचा वर्षाचा हिशेब ठरतो. एका रात्रीत अर्धा एकर उद्ध्वस्त झाला तर तो हिशेब चुकतो.

शहरी वाचकाला बाजारात मिळणारी तूरडाळ किंवा सोयाबीनचे तेल दिसते. त्यामागच्या रात्री दिसत नाहीत. या रात्री कशाच्या आधारे काढाव्यात, हा आता निव्वळ परंपरेचा प्रश्न उरलेला नाही. गोफणीपासून सौर कुंपणापर्यंत अनेक साधने शेतकऱ्यासमोर आहेत. प्रत्येकाची किंमत वेगळी, गुण वेगळा आणि धोकाही वेगळा. त्यामुळे किंमत, कामगिरी आणि भरवसा या तीन कसोट्यांवर त्यांची तुलना करणे आवश्यक ठरते.

आधी ओळख प्राण्याची

साधन निवडण्यापूर्वी नुकसान कोण करतो, हे जाणून घ्यावे लागते. विदर्भात ज्याला रोही म्हणतात ती नीलगाय प्रत्यक्षात गाय नसून भारतातील सर्वांत मोठी कुरंगजातीय प्रजाती आहे. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन दोनशे किलोच्या पुढे जाते. एवढे धूड हलक्या तारेला जुमानत नाही. ते तार ओलांडते किंवा छातीच्या जोराने तोडून आत शिरते.

रानडुकराची रीत याच्या उलट. तो उडी मारण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही. तो खालून मुसंडी मारतो, माती उकरतो आणि जाळी उचलून वाट काढतो. त्याचा वावर प्रामुख्याने रात्रीचा. तो जेवढे खातो त्याहून अधिक तुडवतो. काळवीट कळपाने आणि बहुधा दिवसाउजेडी येतात. वानरांना तर कोणतेच कुंपण अडवू शकत नाही, कारण झाड हीच त्यांची वाट असते.

वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळ हे काळविटांसाठीचे अभयारण्य आहे, तर काटेपूर्णा अभयारण्य अकोला आणि वाशीम या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेले आहे. मात्र रोही आणि रानडुक्कर अभयारण्याच्या सीमेत राहत नाहीत. नाल्याकाठची झुडपे, पडीक माळ आणि तुरीचे उंच पीक त्यांना पुरेसा आडोसा देते. म्हणूनच जंगलापासून दूर असलेल्या गावांनाही त्यांचा उपद्रव सोसावा लागतो.

जागल, गोफण आणि आवाज

सर्वांत जुने साधन म्हणजे माणूस. शेतात मचाण बांधायचे, शेकोटी पेटवायची, डबे वाजवायचे, गोफणीने दगड भिरकावायचे आणि आरोळ्या द्यायच्या. याला पैसा लागत नाही, असा समज आहे. तो खरा नाही. पेरणीनंतरचे काही आठवडे, शेंगा भरण्याचा काळ आणि त्यानंतर रब्बीचा हंगाम असा हिशेब केला तर वर्षातील कित्येक महिन्यांच्या रात्री जागलीत जातात. दिवसभर राबलेला माणूस रात्री जागतो, सापा-विंचवाच्या वाटेवरून चालतो आणि प्रसंगी रानडुकराच्या समोर येतो. या जोखमीची किंमत कोणत्याही पावतीवर लिहिलेली नसते.

जागलीची कामगिरी मात्र चांगली आहे, कारण माणूस आपली जागा आणि पद्धत बदलू शकतो. यंत्राला हे जमत नाही. रेकॉर्ड केलेले वाघाचे आवाज, भोंगे, लुकलुकणारे दिवे ही साधने स्वस्त आहेत. पण त्यांचा प्रभाव थोड्याच दिवसांत ओसरतो. आवाज आला तरी इजा होत नाही, हे प्राणी लवकर शिकतात. अशी साधने वापरायचीच असतील तर त्यांची जागा आणि वेळ वरचेवर बदलावी लागते. बांधावर रंगीत जुन्या साड्या बांधण्याच्या उपायालाही हीच मर्यादा लागू पडते.

प्लास्टिकच्या नळीत कॅल्शियम कार्बाइड आणि पाणी घालून स्फोट घडविणारी 'कार्बाइड गन' अनेक ठिकाणी राखणीसाठी वापरली जाते. आवाज मोठा आणि खर्च किरकोळ, हे तिचे आकर्षण. परंतु नळीत साचणारा ॲसिटिलीन वायू केव्हा पेटेल, यावर वापरणाऱ्याचे नियंत्रण नसते. स्फोट झाला नाही म्हणून नळीत डोकावणाऱ्याच्या डोळ्यांवर बेतते. २०२५च्या दिवाळीत मध्य प्रदेशात, विशेषतः भोपाळमध्ये, अशा बंदुकांमुळे अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या. भरवशाच्या कसोटीवर हे साधन पूर्णपणे नापास ठरते.

उग्र वासासाठी फोरेटसारखे कीटकनाशक बांधावर टांगण्याची पद्धतही जुनी आहे. मात्र हे अतिविषारी औषध असून देशात ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर बंदी आहे. त्यापेक्षा पिकाभोवती करडईच्या दाट, काटेरी ओळी घेणे निर्धोक. या ओळी रोही रोखणार नाहीत. पण रानडुकराला काही प्रमाणात अडथळा होतो आणि करडईचे उत्पन्नही हाती येते.

झटका मशीन : काम कसे करते?

सौर कुंपणाला ग्रामीण भागात 'झटका मशीन' हेच नाव रूढ झाले आहे. सौर पट्टी बॅटरी भारते आणि यंत्र त्या विजेतून तारेत ठोके सोडते. साधारणपणे सेकंदाला एक ठोका पडतो. त्याचा दाब काही हजार व्होल्ट असला तरी तो सेकंदाचा अगदी सूक्ष्म अंश टिकतो. त्यामुळे प्राण्याला जोराचा दणका बसतो, पण त्याच्या शरीरातून सतत प्रवाह वाहत नाही. दोन ठोक्यांमधील उसंतीत तो तारेपासून दूर होऊ शकतो. घरगुती विजेच्या जोडणीत आणि या यंत्रात हाच जीवन-मरणाचा फरक आहे.

हे कुंपण शक्तीने नव्हे, तर धाकाने काम करते. प्राणी नाकाने तार हुंगतो, झटका बसतो आणि ती जागा तो टाळू लागतो. म्हणून तारा पीक उगवण्यापूर्वीच लावणे शहाणपणाचे. एकदा आत जाऊन चव घेतलेला कळप सहज मागे हटत नाही. त्याचप्रमाणे यंत्र चार रात्री बंद राहिले तर धाकही संपतो.

यंत्राची कामगिरी तीन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली, अर्थिंग. प्राण्याच्या शरीरातून जमिनीत गेलेली वीज यंत्राकडे परत आली तरच झटका बसतो. उन्हाळ्यात काळी माती कोरडी पडून भेगाळते, तेव्हा अर्थिंग कमकुवत होते. सळ्या खोल ठोकाव्या लागतात आणि भोवती ओल ठेवावी लागते. दुसरी गोष्ट, गवत. पावसाळ्यात धुऱ्यावरचे ओले गवत तारेला टेकले की वीज त्यातून जमिनीत जिरते. ऐन सोयाबीनच्या हंगामात यंत्र निकामी वाटू लागते, त्याचे हे नेहमीचे कारण आहे. तिसरी गोष्ट, तारांची उंची. रानडुकरासाठी सर्वांत खालची तार जमिनीपासून सुमारे वीतभर हवी, तर रोहीसाठी वरची तार पाच फुटांच्या आसपास असावी. एक-दोन तारांत दोन्ही प्राणी अडतील, ही अपेक्षा चुकीची आहे.

खरेदी करताना केवळ किमतीचा आकडा पाहू नये. यंत्रावर मानकाचा उल्लेख आहे काय, बॅटरीची हमी किती, दुरुस्ती जवळच्या गावात होते काय आणि तारेतील दाब मोजण्याचे साधन सोबत मिळते काय, हे विचारावे. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. तो खर्च आरंभीच हिशेबात धरावा.

राज्य शासनाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणासाठी खर्चाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये, यांपैकी कमी असेल तेवढ्या अनुदानाची तरतूद करण्यात आली. गाव पात्र आहे काय आणि सध्याचे निकष कोणते, याची खात्री वनपरिक्षेत्र कार्यालयातून करून घेतल्यावरच खरेदी करावी.

जाळीचे कुंपण

लोखंडी किंवा सिमेंटचे खांब आणि त्यांवर जाळी, हे सर्वांत महागडे साधन. त्याला बॅटरी लागत नाही, गवताची बाधा होत नाही आणि ते दीर्घकाळ टिकते. मात्र जाळी जमिनीत गाडलेली नसेल तर रानडुक्कर ती खालून उचलतो. भक्कम पाया आणि पुरेशी उंची नसेल तर मोठा खर्च करूनही शेत उघडेच राहते. शिवाय एका शेताला जाळी लागली की कळप शेजाऱ्याच्या शेतात वळतो. गावाचे नुकसान कमी होत नाही. त्याची जागा तेवढी बदलते.

गणित परिघाचे

कुंपणाचा खर्च क्षेत्रावर नव्हे, तर परिघावर ठरतो, हे अनेकदा लक्षात घेतले जात नाही. चार एकरांचे चौकोनी शेत असेल तर त्याभोवती सुमारे ५१० मीटर कुंपण लागते. तेच चार एकर ४० मीटर रुंद आणि ४०० मीटर लांब अशा पट्टीत असतील तर ८८० मीटर लागतात. वाटण्या होऊन चिंचोळ्या झालेल्या शेतांना कुंपण का परवडत नाही, याचे उत्तर येथे आहे.

आता चार शेजाऱ्यांची प्रत्येकी चार एकरांची चौकोनी शेते एकत्र केली तर सोळा एकरांचा परिघ सुमारे १,०२० मीटर होतो. वेगवेगळी कुंपणे घातली असती तर एकूण २,०४० मीटर लागली असती. म्हणजे नुसत्या एकोप्याने खर्च निम्म्यावर येतो. देखभालीच्या पाळ्या वाटून घेता येतात, हा लाभ वेगळाच. अडचण असते ती धुऱ्याच्या जुन्या वादांची.

बाण, बंदूक आणि कायदा

अमेरिकेसारख्या देशांत परवाना घेऊन क्रॉसबोने, म्हणजे घोडा दाबून बाण सोडणाऱ्या आडव्या धनुष्याने, शिकार केली जाते. तेथे अशा धनुष्यांची किंमत, बाणाचा वेग आणि टिकाऊपणा यांची तुलना करणारे लेख नेहमी प्रसिद्ध होतात. ते वाचून पीक राखणीसाठी असे हत्यार मागविण्याचा विचार कुणाच्या मनात येऊ शकतो. तो महागात पडेल.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला मनाई आहे. शिकार म्हणजे केवळ ठार मारणे नव्हे. जखमी करणे, पकडणे, फास लावणे, विष घालणे आणि तसा प्रयत्न करणे हेही त्या व्याख्येत येते. हत्यार कोणते, याने फरक पडत नाही. २०२२च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२३ पासून, रोही आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहेत, तर काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. सर्वसाधारण गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीस किमान तीन ते कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे.

जिवाच्या बचावासाठी सद्हेतूने केलेली कृती गुन्हा ठरत नाही. मात्र पिकाच्या बचावाला ही सवलत नाही. उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्याबाबत कलम ११ अन्वये प्राधिकृत वनाधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. परवानगी आधी आणि कृती नंतर, हा क्रम मोडला की शेतकरी तक्रारदाराचा आरोपी होतो.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक

वीजवाहिनीवर आकडा टाकून कुंपणात थेट प्रवाह सोडणे, हे वरकरणी सर्वांत स्वस्त साधन आहे. प्रत्यक्षात ते मृत्यूचे साधन आहे. यातील प्रवाह सतत वाहतो. स्नायू आखडतात आणि तारेला चिकटलेला जीव सुटत नाही. ती तार रानडुक्कर, बैल, शेजारी की स्वतःचा मुलगा, हा भेद करीत नाही. उमरेड-कऱ्हांडलाच्या प्रसिद्ध 'जय' वाघाचा बछडा 'श्रीनिवास' एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड परिसरात अशाच प्रवाहाने दगावला होता. वीजचोरी, वन्यजीव कायदा आणि माणूस दगावल्यास मनुष्यवधाचा गुन्हा, अशा तिहेरी कारवाईला सामोरे जावे लागते.

नुकसान झालेच तर

कोणतेही साधन शंभर टक्के रक्षण करीत नाही. नुकसान झाल्यास तीन दिवसांच्या आत नजीकच्या वन कार्यालयात अर्ज करावा, पंचनामा होईपर्यंत शेत तसेच ठेवावे आणि ठसे व मोडलेल्या पिकाची छायाचित्रे काढून ठेवावीत. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये, २०२६च्या खरिपापासून वन्यप्राण्यांमुळे होणारे नुकसान प्रधानमंत्री पीक विमा योजनेत समाविष्ट करण्याची घोषणा केली. त्यासाठी ७२ तासांत सूचना देणे आवश्यक आहे. राज्याने जिल्हा व प्राणी अधिसूचित केले आहेत काय, हे हप्ता भरताना विचारून घ्यावे.

निवड कशी करावी?

- उपद्रव थोडा आणि शेत घराजवळ असेल तर जागल, करडईच्या ओळी आणि जागा बदलत राहणारे दिवे पुरेसे ठरतात.
- रोही आणि रानडुक्कर दोघेही येत असतील तर चार-पाच तारांचे सौर कुंपण किंमत आणि कामगिरी यांचा चांगला मेळ साधते. मात्र गवत काढण्याची आणि रोज तार तपासण्याची तयारी हवी.
- फळबाग किंवा बागायती पीक असेल आणि शेजारी एकत्र येत असतील तर जमिनीत गाडलेली जाळी दीर्घकाळात परवडते.
- कार्बाइड गन, विषारी औषध आणि थेट विजेची तार कोणत्याही परिस्थितीत वापरू नये.

खरिपाची पेरणी जूनमध्ये सुरू होते. कुंपणाचा निर्णय त्यापूर्वी, धुऱ्यावर शेजाऱ्यांसोबत बसून घेतला तर रात्रीची जागल पाळीने वाटून घेता येईल आणि खर्चाचा भारही हलका होईल.