समोरची ताई की फोनमधली ताई? व्यायाम शिकताना काय पाहावं

आजचा विषय आपल्या बैठकांमध्ये गेलं वर्षभर पुन्हा पुन्हा निघतो आहे. तालुक्याच्या गावी आता जिममध्ये बायकांसाठी वेगळी वेळ असते. जास्तीचे पैसे भरले की शिकवणारी ताई एकेकीकडे स्वतः लक्ष देते. तिला पर्सनल ट्रेनर म्हणतात. दुसरीकडे फोन उघडला की ‘घरबसल्या वजन कमी करा’ अशा जाहिराती एकामागून एक येतात. मग हिशेबाची वही मिटता मिटता कुणीतरी विचारतंच, यातलं खरं कोणतं? पैसे कशात घालायचे?

आम्ही बचत गटांचं काम करतो, आम्ही डॉक्टर नाही. कुणी कोणता व्यायाम करावा, हे आम्ही सांगणार नाही. पण पैसे देऊन एखादी गोष्ट घेताना काय तपासायचं, हे आपल्या गटांतल्या बायकांना चांगलं ठाऊक आहे. शेळी घ्यायची तर आपण तिचे दात बघतो, कास बघतो, चालवून बघतो. व्यायाम शिकवणारीलाही तसंच पारखून घ्यायचं. शेवटी प्रश्न आपल्याच गुडघ्यांचा आणि कंबरेचा आहे.

दिवसभर राबतो, मग व्यायाम कशाला?

आधी हे सोडवू, कारण घरातून पहिला सवाल हाच येतो. शेतातलं काम, पाणी भरणं, झपाझप चालणं ही सगळी शरीराची हालचालच आहे आणि ती मोजलीही जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल करावी. मध्यम म्हणजे बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, इतका दम लागणं. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम असावा. ६५ च्या पुढच्यांनी तोल सांभाळण्याचे व्यायामही आठवड्यातून तीन दिवस करावेत.

आता स्वतःकडे बघा. खुरपणीला जाणारीचे चालण्याचे मिनिट केव्हाच भरतात. पण ती तासन् तास एकाच अंगाने वाकते, तिची पाठ आखडते. तिला आणखी दमायची गरज नाही, ताण सोडवायची आणि पाठीला ताकद द्यायची गरज आहे. शिलाई मशीनवर बसणारीचं उलट आहे. तिचे पाय दिवसभर जागचे हलत नाहीत. म्हणजे एकाच गटातल्या दोघींना एकच व्यायाम पुरत नाही. शिकवणारी ताई समोरची असो की फोनमधली, तिने पहिल्याच दिवशी ‘तुम्ही दिवसभर काय काम करता?’ हे विचारलं पाहिजे. न विचारता थेट उड्या मारायला लावणारी ताई आपल्या कामाची नाही.

आपण पैसे कशाचे देतो?

व्यायामाचे प्रकार तर फुकट मिळतात. शिकवणारीला पैसे द्यायचे ते तीन गोष्टींसाठी. एक, तिची नजर. म्हणजे आपली चूक तिला दिसणं. दोन, बेत. म्हणजे आज किती करायचं, पुढच्या आठवड्यात किती वाढवायचं, हे आखून देणं. तीन, नेम. म्हणजे आपण आलो नाही तर तिने विचारणं.

नजर म्हणजे काय, ते साध्या उठाबशांवरून समजून घेऊ. खाली बसताना टाचा उचलल्या जातात का? गुडघे आत एकमेकांकडे वळतात का? पाठीला पोक येतो का? श्वास कोंडला जातो का? करणारीला यातलं काही कळत नाही, आपण बरोबरच करतो आहोत असं वाटतं. समोर उभी असलेली ताई बाजूने बघते, मागून बघते, गुडघ्याला हात लावून दिशा दाखवते. तुमचा चेहरा उतरलेला दिसला तर त्या दिवशीचा व्यायाम कमी करते. हे काम फोनवरून अर्धंमुर्धंच होतं. फोन एकाच बाजूने बघतो, तोही डब्याला टेकवलेला असेल तर नेमक्या टाचाच दिसत नाहीत.

बेत आणि नेम ही दोन कामं मात्र फोनवरून चांगली होतात. दर रविवारी पुढच्या आठवड्याचा बेत पाठवणं, ‘आज झालं का?’ असा निरोप देणं, यासाठी कुणी गावात यायची गरज नाही.

यावरून आमचा सरळ हिशेब असा आहे की शिकायचं समोरासमोर आणि टिकवायचं फोनवर. जिने कधीच व्यायाम केलेला नाही तिला सुरुवातीला नजर लागते. जिला व्यायाम येतो पण सातत्य राहत नाही, तिला नेम लागतो. आधी आपल्याला काय कमी पडतंय ते ओळखायचं आणि मगच पैसे काढायचे.

‘ऑनलाइन’ म्हणजे एकच गोष्ट नव्हे

ऑनलाइन या एका शब्दाखाली तीन वेगळे प्रकार विकले जातात. पहिला, आधीच तयार केलेले व्हिडिओ. यात तुम्हाला कुणीही बघत नसतं. दुसरा, ठरलेल्या वेळेचा थेट वर्ग. पडद्यावर चाळीस-पन्नास छोटे चौकोन असतात आणि त्यातला एक तुमचा. तिसरा, ताई एकटीशी व्हिडिओ कॉलवर बोलते, व्यायाम बघते आणि बेत लिहून देते. पहिल्या प्रकाराचे पैसे तिसऱ्यासारखे मागत असतील तर सावध व्हा. ‘मी व्यायाम करताना मला कोण बघणार, आणि किती वेळ?’ हा एक प्रश्न विचारला की कोणता प्रकार आहे ते उघड होतं.

नुसते व्हिडिओच हवे असतील तर फुकटही मिळतात. २१ जूनच्या योग दिनाला जो सामाईक योगक्रम करतात तो आयुष मंत्रालयाने तयार केलेला आहे. केंद्र सरकारचं फिट इंडिया नावाचं ॲपही आहे. आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून चालणाऱ्या केंद्रांमध्ये योगाचे वर्ग घ्यायचे असतात. आपल्याकडे ते कोणत्या दिवशी असतात, हे आशाताईंना विचारा.

एकटीशी व्हिडिओ कॉलवर शिकायचं ठरलं तर फोन कंबरेच्या उंचीवर ठेवा, सहा-सात फूट लांब. उजेड आपल्या समोरून यावा, पाठीमागून नको. आधी समोरून, मग बाजूने वळून दाखवा. एवढं केलं तरी ताईला बरंच जास्त दिसतं.

घरातली अट

जाहिरातीत न लिहिलेली एक अट दोन्हीकडे असते. ऑनलाइनसाठी स्वतःचा फोन, रेंज आणि अर्धा तास बंद दार लागतं. ज्या घरात फोन नवऱ्याचा आहे आणि तो सकाळी सातला कामाला जातो, तिथे साडेसातचा वर्ग कितीही स्वस्त असला तरी उपयोगाचा नाही. शिवाय बाई घरात दिसली की कुणाला चहा आठवतो, कुणाला डबा. सासूबाईंसमोर हात वर करून वाकायलाही अनेकजणींना अवघडतं.

जिमला जायचं तर एसटीची किंवा वडापची वेळ, अंधाराच्या आत परत येणं, लेकरू कुणाकडे ठेवायचं, हे सगळं जुळावं लागतं. पण घराबाहेर पडलं की तो तास आपला असतो, हेही खरं. त्यामुळे ‘घरबसल्या’ म्हणजे सोपं, असं धरून चालू नका. तुमच्या घरात कोणता अर्धा तास खरोखर मोकळा मिळेल, ते आधी घरच्यांशी बोलून ठरवा.

कुणी आधी डॉक्टरांना विचारावं?

इथे मात्र नीट ऐका. रक्तदाब, हृदयाचा त्रास किंवा साखर असेल, दिवस गेले असतील, नुकतंच बाळंतपण झालं असेल किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, गुडघ्याला सूज असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं आणि मगच व्यायाम सुरू करायचा. साखरेसाठी इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असतील तर व्यायामाने साखर एकदम उतरू शकते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, गरगरतं.

खोकताना, शिंकताना लघवी होत असेल किंवा अंग बाहेर येत असेल, तर ते मनात ठेवू नका. बायका हे वर्षानुवर्षं लपवतात आणि मग व्हिडिओ बघून उड्या आणि पोटाचे जोराचे व्यायाम करतात. त्याने त्रास वाढू शकतो. यावर वेगळे व्यायाम असतात आणि ते तपासून, समोरासमोरच शिकायचे असतात. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी विभागाची चौकशी करा.

आणि रक्ताची तपासणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी १०० तल्या सुमारे ५४ जणींमध्ये रक्त कमी आढळलं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं की रक्त कमी धरतात. जिना चढताना धाप लागते ती जाडीमुळे की रक्त कमी म्हणून, हे कोणताही ट्रेनर नुसतं बघून सांगू शकत नाही. व्यायाम करताना छातीत दुखलं, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा.

पैशाचा हिशेब

महिन्याची फी बघू नका. हजेरी लावलेल्या एका दिवसाला किती पडले, ते बघा. समजा ट्रेनरचे महिन्याला ३,००० रुपये आणि १२ दिवस. दिवसाला २५० झाले. आठच दिवस जमलं तर ३७५. समजा ऑनलाइनचे तीन महिन्यांचे १,८०० रुपये आणि ३६ दिवस. दिवसाला ५० झाले. पण सहाच दिवस करून सोडून दिलं तर ३०० पडले. स्वस्त दिसणारं असं महाग होतं. म्हणून वर्षाचे पैसे एकदम भरू नका, सवलत कितीही दाखवली तरी. पहिला महिना भरून हजेरी मोजा.

आता तिसरी वाट. समजा एखादी शिकवणारी ताई महिन्यात आठ दिवस गावात यायला ४,००० रुपये घेते. दहाजणी मिळून बोलावलं तर प्रत्येकीला ४००, म्हणजे दिवसाला ५०. समाजमंदिर किंवा शाळेची खोली मिळते का, ते ग्रामपंचायतीला विचारता येईल. दोन महिने तिच्या नजरेखाली शिकायचं. नंतर त्याच दहाजणींनी त्याच वेळेला जमून स्वतः करायचं आणि ताईने आठवड्याला फोनवर बेत द्यायचा, महिन्यातून एकदा येऊन चुका बघायच्या. नेम तर आपल्याला शिकवायला नको, दर आठवड्याच्या बचतीने तो अंगात भिनलेला आहे. गटाच्या दशसूत्रीत आरोग्याची काळजी आहेच. फक्त एक पथ्य पाळा. यासाठी अंतर्गत कर्ज काढू नका. दर आठवड्याला वेगळे थोडे पैसे बाजूला टाका आणि त्यातूनच करा.

पैसे देण्याआधी विचारायचे प्रश्न

ट्रेनर म्हणवून घ्यायला डॉक्टरसारखी नोंदणी लागत नाही. म्हणून विचारायला लाजू नका.

शिक्षण कुठे घेतलं, प्रमाणपत्र दाखवाल का? योगशिक्षिकांसाठी आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा असते. एका वेळी किती बायका असतात? मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतात का, आणि ते लेखी द्याल का? वर्गाचं चित्रीकरण होतं का, ते कोण बघतं? ‘आधी आणि नंतर’चे फोटो मागितले तर नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. एकदा पाठवलेला फोटो परत घेता येत नाही.

आहाराचा तक्ता दिला तर तुमच्या घरात काय शिजतं हे विचारून दिला का, ते बघा. भाकरी, मटकी, शेंगदाणे, अंडी, पालेभाजी हे सोडून बाजारातली पावडर घ्यायचा आग्रह असेल तर विचार करा, ती व्यायाम शिकवते आहे की डबे विकते आहे. ‘रक्तदाबाची गोळी बंद करा, व्यायामाने सगळं बरं होईल’ असं म्हणणारीकडे दुसऱ्या दिवशी जाऊ नका.

फोनवरून पैसे भरताना ऑटोपे सुरू होतो का, ते बघा. तो चालू झाला तर दर महिन्याला पैसे आपोआप कापले जातात. कापण्याआधी किमान २४ तास तशी सूचना यायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ज्या ॲपवरून पैसे भरता, त्यातच ऑटोपे बंद करता येतो. पैसे परत देण्यावरून वाद झाला तर ग्राहक मदत क्रमांक १९१५ आहे. फसवणूक होऊन पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करा, उशीर करू नका.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने तीन गोष्टी लिहून आणा. मला नजर हवी, बेत हवा की नेम? माझा मोकळा अर्धा तास कोणता? आणि रक्त, रक्तदाब शेवटचा कधी तपासला? लिहिता येत नसेल तर शेजारणीकडून लिहून घ्या. ही तीन उत्तरं हातात असली की जाहिरात कितीही गोड असू द्या, ठरवणारी तुम्हीच असाल.