चिखलदऱ्याचा घाट आणि पिकअपचा दम

परतवाडा सोडले की थोड्याच वेळात संत्र्यांच्या बागा मागे पडतात आणि गाविलगडच्या डोंगराचा चढ सुरू होतो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच आहे. म्हणजे परतवाड्यापासून गाडीला जवळजवळ ७०० मीटर वर चढायचे असते. समजा, लग्नाच्या मांडवाचे सामान भरलेली एक पिकअप या घाटात निघाली आहे. तिच्यामागे दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेले डिझेल जनरेटर जोडले आहे. अर्ध्या घाटात गाडीचा वेग मंदावतो, इंजिन धापा टाकते, बॉनेटखालून वाफ येऊ लागते आणि शेवटी गाडी थांबते. बघे जमतात. बहुतेकांचे मत एकच पडते : इंजिन कमी ताकदीचे आहे.

हे मत बरोबर आहे का, हे आपण थोडे गणित करूनच पाहू.

भरलेली पिकअप २,००० किलो आणि जनरेटरची ट्रॉली १,००० किलो धरा. सपाट डांबरी रस्त्यावर एवढे ३,००० किलो वजन हळूहळू ओढायला सुमारे ४४० न्यूटन बल पुरते. आता चढ घ्या. रस्त्याने १५ मीटर गेल्यावर १ मीटर वर जाणारा चढ असेल, तर वजनाचा पंधरावा हिस्सा गाडीला मागे खेचतो. हा हिस्सा भरतो सुमारे १,९६० न्यूटन. दोन्ही मिळून २,४०० न्यूटन. सपाटीवर लागत होते त्याच्या साडेपाचपट!

हे घरी पडताळून पाहता येते. दीड मीटर लांबीच्या फळीचे एक टोक १० सेंटिमीटर उचला. एक किलो वजनाची खेळण्यातली गाडी ताणकाट्याने फळीवर ओढा आणि मग तीच सपाट जमिनीवर ओढा. दोन वाचनांत सुमारे ६७ ग्रॅमचा फरक यायला हवा. फळी अजून उचला आणि काटा कसा सरकतो ते पाहा.

म्हणूनच रस्ता बांधणारे अभियंते डोंगर सरळ चढत नाहीत, वळणे घेतात. उंची तीच राहते, अंतर वाढते, चढ सौम्य होतो. अकोला-खांडवा या जुन्या मीटरगेज लोहमार्गावर धूळघाटापाशी तर रुळांनी पूर्ण वेढा घेऊन स्वतःलाच ओलांडले होते. ज्यांना वळणे घ्यायला सवड नव्हती, त्यांचे हाल इतिहासात नोंदलेले आहेत. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी गाविलगडला वेढा घातला, तेव्हा कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने जड तोफा याच डोंगरांतून किल्ल्याच्या उत्तर बाजूला नेल्या. वाट सैनिकांनीच करायची आणि तोफाही हातांनी ओढायच्या, असा तो प्रकार होता. ७ तारखेला निघालेली फौज १२ तारखेला पोहोचली. किल्ला १५ डिसेंबरला पडला.

आता पिकअपकडे परत येऊ. इंजिनची ताकद आणि चाकांपाशी मिळणारे बल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ताशी २० किलोमीटर वेगाने हा चढ चढायला चाकांपाशी सुमारे १८ अश्वशक्ती पुरते. ताशी ४० ने चढायचे तर ३६ लागेल. साठ-सत्तर अश्वशक्तीचे इंजिन असूनही गाडी अडते, याचे कारण बहुधा गिअरमध्ये सापडते.

इंजिनचा पीळ, म्हणजे टॉर्क, १५० न्यूटन-मीटर धरू. गिअरपेटी आणि मागच्या ॲक्सलवरचे डिफरन्शियल मिळून हा पीळ कितीतरी पटीने वाढवतात. डिफरन्शियलमधल्या मोठ्या चक्राला, क्राउनला, ३७ दात आणि त्याला फिरवणाऱ्या पिनियनला ९ दात असतील, तर तेथेच पीळ ४.११ पट होतो. चाकाची त्रिज्या ३३ सेंटिमीटर आणि वाटेत घर्षणात दहावा हिस्सा जातो असे धरून हिशेब केला, तर चौथ्या गिअरमध्ये (जेथे गिअरपेटी पीळ वाढवत नाही) चाकांपाशी १,७०० न्यूटन मिळतात. तिसऱ्या गिअरमध्ये गिअरपेटी दीडपट करते, म्हणून २,५०० मिळतात. दुसऱ्यात ४,००० आणि पहिल्यात ६,७००. आपल्याला हवेत २,४००. चौथ्यात गाडी चढणारच नाही. तिसऱ्यात कशीबशी चढेल, पण अवघड वळण आले की तिचा दम तुटेल. परतवाड्याचा एखादा जुना मिस्त्री हे सगळे गणित एका वाक्यात सांगेल : "भाऊ, इंजिनले काई झालं नाई, तुमी दुसरा गिअर उशिरा टाकला."

येथे एका हौसेबद्दल सांगितलेच पाहिजे. काही जण गाडी रुबाबदार दिसावी म्हणून मोठे टायर बसवतात. त्रिज्या ३३ वरून ३८ सेंटिमीटर झाली की तिसऱ्या गिअरमधले बल २,५०० वरून २,२०० च्या खाली उतरते. म्हणजे कालपर्यंत चढणारी गाडी आज अडते, आणि दोष मात्र इंजिनला दिला जातो. याच्या उलट, ज्या गाडीला रोज घाटच चढायचा आहे, तिच्यात ४१ आणि ९ दातांची जोडी बसवली तर पीळ ४.५६ पट होऊन सुमारे ११ टक्के फायदा मिळतो. फुकट मात्र काहीच नाही : अमरावती-अकोला रस्त्यावर त्याच वेगासाठी इंजिनला जास्त फेरे मारावे लागतात आणि डिझेल जास्त जळते. माझ्या मते, वर्षातून चार वेळा चिखलदऱ्याला जाणाऱ्याने या फंदात पडू नये. वेळेवर दुसरा गिअर टाकावा.

उंचीचाही थोडा परिणाम होतो. चिखलदऱ्याची हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ असते, त्यामुळे साध्या इंजिनला प्राणवायू कमी मिळतो. टर्बोचार्जर असलेले इंजिन हवा दाबून आत घेते, म्हणून त्याला हे फारसे जाणवत नाही.

वाफेचे कारण वेगळे आहे. रेडिएटरमधले पाणी ९५ अंशांवर असेल आणि बाहेर हिवाळ्यातले १५ अंश तापमान असेल, तर फरक ८० अंशांचा पडतो. मे महिन्यात अकोल्याला पारा ४५ वर गेला की हाच फरक ५० वर येतो. उष्णता बाहेर पडण्याचा वेग या फरकाच्या प्रमाणात असतो, म्हणजे तोच रेडिएटर उन्हाळ्यात हिवाळ्याच्या पाच-अष्टमांश कामाचा राहतो! त्यात आपल्या वऱ्हाडात त्याच्या जाळीत कापसाचे तंतू आणि तुरीचा भुसा अडकलेला असतो. जाळी मऊ ब्रशने आणि पाण्याने साफ करणे हा सर्वांत स्वस्त उपाय. गरम रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते आणि दाब जाताच उसळून अंगावर येते.

ट्रॉलीवर वजन कुठे ठेवता, यालाही महत्त्व आहे. बैलगाडीत ओझे मागे जास्त झाले की गाडी उलार होते आणि जू वर उचलले जाते. ट्रॉलीचेही तसेच. वजन मागे असेल तर ती पिकअपची मागची बाजू वर उचलते, ओढणाऱ्या चाकांची पकड सुटते आणि ट्रॉली सापासारखी डुलू लागते. ट्रॉलीच्या वजनाचा सुमारे दहावा भाग आकड्यावर पडेल असे जनरेटर बसवावे.

खरा धोका उतरताना असतो. ७०० मीटर चढून गेलेल्या या ३,००० किलोंमध्ये इतकी ऊर्जा साठते, की तिने २५ अंशांचे साठ-पासष्ट लिटर पाणी उकळू लागेल. ही सारी ऊर्जा ब्रेकवर टाकली तर ब्रेक तापून धरेनासे होतात. लहान ट्रॉलीला बहुधा स्वतःचे ब्रेकच नसतात, तिचाही भार पिकअपला थांबवावा लागतो. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे. मग इंजिनच गाडीला आवरून धरते. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करून उतरणे हा जिवाशी खेळ आहे.

आणि चढावर गाडी थांबलीच, तर हातब्रेकवर विसंबून न राहता चाकामागे दगड लावतात. निघताना तो दगड उचलून कडेला टाकावा. पावसाळ्यात या घाटात दाट धुके उतरते, आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला रस्त्यातला दगड दिसत नाही.