निजेला धोंडा?

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिच्या पूर्वार्धाबद्दल माझी तक्रार नाही. उत्तरार्धाबद्दल मात्र, हरिश्चंद्रगडाच्या लेण्यांत आणि राजगडावरच्या पद्मावतीच्या देवळात रात्री काढल्यावर, माझे मत जरा वेगळे झाले आहे. दमलेल्या माणसाला धोंड्यावर झोप लागते हे खरे; पण ती टिकत नाही. पहाटे तीनच्या सुमारास धोंडा आपला गुण दाखवतो.

थंडी वरून पडते, अशी आपली समजूत. म्हणून घरची मंडळी सॅकमध्ये आणखी एक शाल कोंबतात. पण ऊब पाठीखालूनही पळते आणि तिकडे कुणाचे लक्ष नसते. मी बँकेतला माणूस. मला दगड हा असा कर्जदार वाटतो, की जो रात्रभर उचल घेतो आणि सकाळी एक पैसाही परत करत नाही. महागडी स्लीपिंग बॅगही इथे पुरी पडत नाही. ऊब धरून ठेवते ती आतल्या भरणात अडकलेली हवा. अंगाच्या भाराने भरण दबले की हवा गेली आणि ऊबही गेली. म्हणून खाली फोमची कॅरीमॅट हवीच. ती नसेल तर वर्तमानपत्रांची जाड घडी, वाळके गवत, रिकामी पोती. आपले धनगर घोंगडी अंथरतात आणि आपल्या आज्या जुन्या लुगड्यांचे थरावर थर घालून गोधडी शिवत. त्यांना हे शास्त्र कुणी शिकवले नव्हते.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. घामाने भिजलेला सदरा बदलून कोरडे कपडे आणि मोजे घालावेत. कानटोपी घालावी. उपाशीपोटी झोपू नये. जागा उताराची असेल तर डोके चढाकडे करावे. उरलेले कपडे पिशवीत भरले की उशी तयार. खाऊ उशाशी न ठेवता उंच टांगावा, नाहीतर उंदीर सॅक कुरतडतात. सकाळी बूट झटकूनच पायात घालावेत. त्यात विंचू असू शकतो. आणि बंद गुहेत किंवा तंबूत शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्याला तो जागे होण्याची संधी देत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असे तरुण मुले विचारतात. सुखासाठी नव्हे. गड चढताना माणूस दमतो, पण पाय घसरतो तो बहुधा उतरताना. आणि रात्रभर कुडकुडलेल्या माणसाचे पाय अन् डोके, दोन्ही त्या वेळी जाग्यावर नसतात. साठीनंतरचे गुडघे तर हे फार स्पष्ट शब्दांत सांगतात.

तेव्हा शनिवारी तुमचा मुलगा किंवा नात सॅक भरू लागली, की गडावर मुक्कामाला परवानगी आहे ना, एवढे आधी विचारा. डब्यात काय नेतेस, हे तर आई विचारतेच. तुम्ही विचारा, ‘पाठीखाली काय घालणार?’