मिग-21 चा खरा रंग कोणता?

नाशिकजवळ ओझरला 1964 साली उभ्या राहिलेल्या एचएएलच्या कारखान्यात मिग-21 तयार झाली. हवाई दलाने 26 सप्टेंबर 2025 रोजी त्यांना निरोप दिला. आता प्रतिकृती रंगवणाऱ्यांना आधार उरला तो जुन्या फोटोंचा आणि प्रदर्शनातल्या, पुन्हा रंगवलेल्या विमानांचा.

दोन्ही फसवे. सुरुवातीची मिग-21 एफएल चक्क बिनरंगी, चकाकत्या धातूची होती. 1971 च्या युद्धासाठी त्यांवर घाईघाईने कॅमोफ्लाज चढले. रंगीत फोटोतली रसायने सारख्या वेगाने विटत नाहीत, म्हणून जुना हिरवाही तांबूस दिसू लागतो. विमानावरचा रंग तर उन्हाने खडूसारखा पांढुरका पडतो.

आणखी एक गंमत. ट्यूबलाइटखाली हुबेहूब जुळलेल्या दोन छटा उन्हात वेगळ्या निघतात, कारण त्यांतली रंगद्रव्ये वेगळी असतात. याला मेटॅमेरिझम म्हणतात. म्हणून छटा खिडकीशी, दिवसाउजेडी जुळवावी. शिवाय 1:72 ची प्रतिकृती एका फुटावरून पाहणे म्हणजे खरे विमान 72 फुटांवरून पाहणे. लांबचा रंग फिकट भासतो. त्यामुळे थेंबभर पांढरा मिसळणे काही पाप नव्हे, कट्टर मंडळी काहीही म्हणोत.

स्प्रे मारताना मात्र खिडकी उघडी हवी. थिनरची वाफ कापडी मास्कने अडत नाही. त्याला सक्रिय कार्बनचा फिल्टरच लागतो.